स्टोरेज फुल! ४०० फोटो उडवले तरी जागा तेवढीच, काय करू?

साधीसुधी:

नमस्कार मंडळी, फोनच्या स्टोरेजवर आधी धागा असेल तर तिकडे हाकला, मला शोधून सापडला नाही.

तर झालंय असं की माझा अँड्रॉइड फोन ६४ जीबीचा, चार वर्षं वापरतेय, आणि गेले दोन आठवडे रोज सकाळी "स्टोरेज भरत आले आहे" हे वाचून दिवस सुरू होतो. काल तर कॅमेऱ्याने फोटोच काढायला नकार दिला. भाची पहिल्यांदा आधाराशिवाय चालली, चार पावलं, आणि मी फोन समोर धरून उभी, स्क्रीनवर काय तर "पुरेशी जागा नाही". तिनं काही परत चालून दाखवलं नाही, बसली ती बसलीच.

मग रागारागात रात्री बसून ४०० च्या वर फोटो उडवले. मोजून. आणि सेटिंगमध्ये जाऊन बघते तर रिकामी जागा आधी होती तेवढीच, १ जीबीच्याही आत. म्हणजे मी दोन तास नक्की केलं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा. कंप्युटर आहे घरात पण मला त्यातलं फार कळत नाही, तेव्हा सोप्या भाषेत सांगा.

निवांत:

कचऱ्याच्या टोपलीत बघा आधी. गॅलरीतून डिलीट केलेलं लगेच जात नाही, ट्रॅशमध्ये जाऊन पडतं आणि साधारण ३० दिवस तिथेच बसून राहतं, म्हणजे जागा अडलेलीच. गॅलरी उघडा, मेन्यूत ट्रॅश किंवा बिन असं काहीतरी असेल, तिथे "रिकामे करा". पण रिकामं करायच्या आधी एकदा नजर टाका, रागात उडवलेलं आहे म्हणताय.

खटपट्या:

निवांत यांना +१. पण त्याआधी एक करा, सेटिंग्ज मध्ये स्टोरेज उघडून तिथे कशानं किती जागा खाल्लीय ते जसंच्या तसं इथे लिहा. लोक नेमकं इथेच चुकतात, जागा खातो एक आणि मार खातो दुसरा. फोटो बिचारे डोळ्यासमोर असतात म्हणून सगळे आधी फोटोंवरच तुटून पडतात. साधा फोटो ३-४ एमबीचा, ४०० उडवले तर फार तर दीड जीबी. जास्त स्पष्टतेचा मोठा व्हिडिओ एक मिनिटाचा उडवला असता तर एका फटक्यात ५०-१०० फोटोंचं काम झालं असतं.

जुनाजाणता:

चार वर्षं झाली ना, नवीन घ्या १२८ चा. प्रश्न मिटला.

साधीसुधी:

@जुनाजाणता नवीन घ्यायचा असता तर धागा कशाला काढला असता हो :)

@निवांत होतं की ट्रॅश! त्यात कालचे तर होतेच, शिवाय दोन आठवड्यांपूर्वी उडवलेले व्हिडिओ पण होते, सगळं मिळून ४ जीबी. अजून रिकामं केलं नाहीये, बघतेय एकेक.

@खटपट्या हे घ्या, फोनवर बघून लिहितेय: सिस्टिम १५, अ‍ॅप्स १७, व्हिडिओ १४, फोटो ६, डॉक्युमेंट ३, ऑडिओ १, ट्रॅश ४, इतर ३. सगळे जीबी. बेरीज केली तर ६३ येते म्हणजे हिशोब बरोबर आहे, फक्त माझी झोप उडालीय.

खटपट्या:

छान, आता बोलता येईल. बघा, ज्या फोटोंवर दोन तास घालवले ते सगळे मिळून ६. अ‍ॅप्स १७ आणि व्हिडिओ १४, चोर इथे आहेत. सिस्टिमच्या वाटेला जाऊ नका, ते कमी करणं आपल्या हातात नाही.

अ‍ॅप्स वर टॅप करा, आकारानुसार लावा, मोठ्यात मोठं वर. मग वरच्या पाच अ‍ॅपवर एकेक करून टॅप करा. आत तीन आकडे दिसतात, अ‍ॅप स्वतः, डेटा आणि कॅशे. ते तीन वेगळे वाचा. कॅशे पुसलं तर काही बिघडत नाही, अ‍ॅपने स्वतःच्या सोयीसाठी साठवलेलं असतं, लागलं की परत आणेल. पण शेजारीच जे "डेटा पुसा" किंवा "स्टोरेज पुसा" असं बटण असतं ना, ते म्हणजे अ‍ॅप आत्ताच नव्यानं टाकल्यासारखं. लॉगिन गेलं, सेटिंग गेलं, आणि अ‍ॅपने काही फक्त फोनमध्येच ठेवलं असेल तर तेही गेलं. दोन्ही बटणं अंगाला अंग लावून बसवलीयत, कोणाचं डोकं होतं कोण जाणे.

वाचनमात्र:

अवांतर प्रश्न, ६४ चा फोन घेतला की काही फोनमध्ये ५९ च दिसतात, ते ५ कुठे जातात? मला कायम वाटत आलंय की फसवलं.

शून्यगुणिले:

@वाचनमात्र फसवलं नाही, मोजपट्टी वेगळी. बनवणारा १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. कंप्युटर आणि काही फोन १०२४ च्या पटीत मोजतात, १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४. ६४०० कोटी भागिले तो आकडा, ५९.६ येतात. बाइट तेवढेच आहेत, एकही कमी नाही. काही फोन मुकाट ६४ दाखवतात आणि फरक सिस्टिमच्या खात्यात टाकतात.

साधीसुधी:

अहो खटपट्या, तुमच्या त्या यादीत पहिलं व्हॉट्सअ‍ॅप येईल असं वाटलं होतं, पण पहिलं निघालं एक चॅनेलवालं अ‍ॅप. ८ जीबी!! अ‍ॅप स्वतः जेमतेम, बाकी सगळं आतलं. मी त्यात काहीच डाउनलोड करत नाही, नुसती पुस्तकांची आणि विणकामाची चॅनेलं वाचते.

खटपट्या:

नुसती वाचता म्हणजेच डाउनलोड करता :) स्क्रीनवर जे जे दिसलं ते ते फोनमध्ये उतरलेलं असतं. अशा अ‍ॅपमध्ये मूळ मजकूर त्यांच्या सर्व्हरवर असतो आणि फोनमधली ती नुसती उतरवलेली कॉपी, म्हणून बिनधास्त पुसा, परत हवं तेव्हा येईल. टेलिग्राम असेल तर सेटिंग्ज, डेटा अँड स्टोरेज, स्टोरेज युसेज, तिथे "क्लिअर कॅशे". आणि त्याच पानावर किती दिवस ठेवायचं ते विचारतं, तिथे कायमचं च्या ऐवजी आठवडा करा. नाहीतर सहा महिन्यांनी हाच धागा वर काढाल. फक्त एक बघा, चॅनेल बंद पडलं असेल किंवा कोणी मूळ पोस्टच उडवली असेल तर ते परत येणार नाही, तेव्हा जीवापाड जपायच्या विणकामाच्या पीडीएफ असतील तर त्या आधी वेगळ्या सेव्ह करा.

निवांत:

आणि व्हॉट्सअ‍ॅपला हा नियम लावू नका प्लीज!! तिथे उलटं आहे. तुमच्यापर्यंत पोचलेला फोटो त्यांच्याकडे कायमचा राहत नाही, तुमच्या फोनमधून गेला आणि बॅकअपमध्ये नसेल तर गेलाच. कधीतरी समोरचा परत पाठवेल तेवढीच आशा.

खटपट्या:

बरोबर, थँक्स. व्हॉट्सअ‍ॅपसाठी त्याच्याच आत जा, सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. वरच दोन खण दिसतील, एक खूप वेळा फॉरवर्ड झालेलं आणि एक ५ एमबीपेक्षा मोठं. फॉरवर्डवाला खण डोळे झाकून नाही पण एक डोळा झाकून उडवता येतो. मोठ्यांच्या खणात मात्र आपलं सामान असतं, तिथे बघून बघून. खाली चॅटची यादी आकारानुसार येते, कोणता ग्रुप किती खातो ते तिथे कळतं आणि बहुतेक वेळा ज्या ग्रुपवर आपण कधी बोललोच नाही तो पहिला असतो.

दुसरी गंमत सेंट (म्हणजे पाठवलेल्यांच्या) फोल्डरची. तुम्ही गॅलरीतला व्हिडिओ कोणाला पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याची लहान केलेली कॉपी स्वतःच्या सेंट फोल्डरमध्ये ठेवतं. म्हणजे मूळ व्हिडिओ कॅमेऱ्याच्या फोल्डरात आहेच, वर ही दुसरी. गॅलरीत ती बहुतेक दिसत नाही म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. फाइल मॅनेजरमधून जावं लागतं, अँड्रॉइड, मग मीडिया, त्यात व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर, त्यात परत मीडिया, त्यात व्हिडिओ, त्यात सेंट.

जुनाजाणता:

एवढ्या पायऱ्या उतरण्यापेक्षा क्लीनर अ‍ॅप टाका एखादं. एक बटण, झालं.

शून्यगुणिले:

@जुनाजाणता साहेब, नको. दुसऱ्या अ‍ॅपचं कॅशे पुसायची परवानगीच अँड्रॉइड साध्या अ‍ॅपला देत नाही, कितीतरी वर्षं झाली त्याला. अँड्रॉइड ११ पासून तर दुसऱ्यांच्या डेटा फोल्डरात डोकावताही येत नाही. मग ती अ‍ॅपं करतात काय, तर गोल गोल फिरणारं चक्र दाखवतात, "२.३ जीबी कचरा सापडला" म्हणतात आणि मध्ये जाहिरात. वर ते अ‍ॅप स्वतः जागा खाणार ते वेगळंच. फोनमध्ये जो मूळचा फाइल मॅनेजर येतो किंवा गूगलचं फाइल्स, त्यात क्लीन नावाचा भाग आहे, डुप्लिकेट, जुने स्क्रीनशॉट, मोठ्या फाइल्स दाखवतो, पुरेसा आहे तो.

जुनाजाणता:

बरं बरं, मागे घेतो.

मिणमिणता:

मी सहसा लिहीत नाही पण इथे लिहायलाच हवं, कोणाचं तरी वाचेल. मागच्या वर्षी माझा फोन असाच भरला होता. फोटो सगळे क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठ्यात) जात होते, मला माहीत होतं, हिरवी टिक यायची. मग मी म्हटलं वर आहेतच तर खालचे कशाला ठेवायचे, आणि त्याच बॅकअपच्या अ‍ॅपमध्ये जाऊन दोन वर्षांचे फोटो निवडले आणि डिलीट. फोन हलका झाला, मी खूश. आठवड्याने लॅपटॉपवर बघतो तर तिथेही नाहीत. अहो वरचे पण गेले! एकच गोष्ट दोन ठिकाणून बघत होतो मी, दोन कॉपी आहेत असं समजून.

नशीब की त्याच्या बिनमध्ये सापडले, ६० दिवस उलटून गेले असते तर मी काय केलं असतं माहीत नाही. पूर्ण रविवार परत आणण्यात गेला.

खटपट्या:

मिणमिणता, बरं झालं लिहिलंत. साधीसुधीताई, हे नीट वाचा, कारण ट्रॅश रिकामं केल्यावर तुम्ही याच वाटेला जाणार आहात.

गूगल फोटोज असेल तर त्यात "फ्री अप स्पेस" नावाचं वेगळं बटण आहे. ते फक्त फोनमधली कॉपी काढतं, आणि तीही वर पोचलीय याची खात्री असलेलीच. साधं डिलीट दाबलं तर दोन्हीकडून जातं. बिनमध्ये बॅकअप झालेले ६० दिवस आणि न झालेले ३० दिवस राहतात. शिवाय फुकटची १५ जीबी ही मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून आहे, १ जून २०२१ पासून चढवलेला प्रत्येक फोटो त्यात मोजला जातो. आणि आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पण त्याच १५ मध्ये. म्हणजे फोनचा पसारा वर ढकलत राहिलात तर एक दिवस वरची खोली भरेल आणि मेल यायचे बंद होतील.

त्यामुळे माझं मत विचाराल तर मोठे व्हिडिओ कंप्युटरवरच न्या.

साधीसुधी:

बाप रे. मी कालच तिथून डिलीट करणार होते, अंगठा खरंच बटणावर होता.

कंप्युटरला केबल लावली, फोन चार्ज होतोय फक्त, कंप्युटरवर काही दिसत नाही. हे कसं करतात?

निवांत:

केबल लावल्यावर फोनवर वरून पडदा खाली ओढा, "यूएसबीने चार्ज होत आहे" असं दिसेल, त्यावर टॅप करून फाइल ट्रान्सफर निवडा. तरीही नाही दिसलं तर केबल बदला, काही केबलींत नुसत्या चार्जिंगच्याच तारा असतात. मग डीसीआयएम नावाचं फोल्डर शोधा, कॅमेऱ्याचं सगळं त्यात.

आणि कट-पेस्ट करू नका! कॉपी करा, कंप्युटरवर दोनचार व्हिडिओ उघडून शेवटपर्यंत चालतात का बघा, दोन्हीकडचा फाइलींचा आकडा जुळवा, मग फोनमधले काढा. हजार फाइली एकदम ओढल्या तर मध्येच अडकतं, महिन्या महिन्याने न्या.

निवांत:

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे, दोनदा पडला)

अर्धाकप:

मध्येच घुसतोय, आयफोनवाल्यांनी काय करायचं? फ्री अप स्पेस वगैरे आमच्यात काही दिसत नाही. १२८ आहे माझा तरी भरलाय, तेव्हा जुनाजाणता, नवीन घेऊन प्रश्न मिटत नाही बरं का.

शून्यगुणिले:

@अर्धाकप सेटिंग्ज, जनरल, आयफोन स्टोरेज. थोडा वेळ थांबा, यादी हळू येते. तिथे दोन कामाच्या गोष्टी. एक, न वापरलेली अ‍ॅपं ऑफलोड करणं, अ‍ॅप जातं पण त्याचा डेटा आणि चिन्ह राहतं, परत टॅप केलं की उतरतं. (अँड्रॉइडवरही आता हे आहे, अर्काइव्ह म्हणतात, प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये सापडेल.) दुसरं, आयक्लाउड फोटो चालू असेल तर ऑप्टिमाइझ स्टोरेज, मूळ फोटो वर आणि फोनवर छोटी आवृत्ती. पण फुकट ५ जीबीच, आणि मिणमिणता यांची गोष्ट इथेही जशीच्या तशी लागू, आयफोनवर डिलीट म्हणजे सगळीकडून डिलीट, रिसेंटली डिलीटेड मध्ये ३० दिवस.

पण खरं कारण बहुतेक कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये असेल. आयफोन स्वतःच तिथे लिहून ठेवतो, १०८० (ही व्हिडिओची स्पष्टता) ला सेकंदाला ३० फ्रेमनी एका मिनिटाला साधारण ६० एमबी, त्याहून स्पष्ट ४के ३० ला १७०, ४के ६० ला ४००. तुमचं किती आहे?

अर्धाकप:

४के ६०.

अर्धाकप:

म्हणजे अडीच मिनिटांत एक जीबी. मी पूर्ण गॅदरिंग शूट केलंय, चाळीस मिनिटं. सोळा जीबी. कोणीही परत बघितलं नाही, मीसुद्धा.

वाचनमात्र:

माझा फोन भरत आला की हळू चालतो, हा भास आहे का?

शून्यगुणिले:

भास नाही. आतली मेमरी फ्लॅश प्रकारची असते, तिच्यात लिहिलेल्यावर थेट परत लिहिता येत नाही. लिहायचं पानापानाने पण पुसायचं मात्र सगळा गठ्ठाच. म्हणून फोन सतत पडद्यामागे सामान इकडचं तिकडे करून रिकामे गठ्ठे तयार ठेवत असतो. रिकामी जागाच नसेल तर हलवाहलव करायला जागा कुठे? पंधरा चौकोनांच्या कोड्यासारखं, एक घर रिकामं असलं तर सरकवता येतं पण किती वेळ लागतो. मी स्वतः दहा टक्के कायम मोकळं ठेवतो.

मिणमिणता:

मेमरी कार्ड टाकायची सोय असेल तर ते पण सांगा त्यांना.

खटपट्या:

कार्ड चालेल, पण एकच कॉपी त्यावर ठेवू नका, कार्डं न सांगता मरतात. आणि मी एकदा फसलोय, वर लिहिलेलं ६४ आणि आत खरी जागा ८. पुढचं सगळं लिहिल्यासारखं दाखवायचं आणि उघडलं की काळी चौकट. नवीन कार्ड घेतलं की पूर्ण भरून, परत वाचून बघायचं, मगच विश्वास.

साधीसुधी:

बरं, काल रात्रीची हकिकत. ट्रॅश रिकामं, ४ गेले. (आधी नऊ व्हिडिओ परत आणले त्यातून, रागात काय काय उडवलं होतं.) चॅनेलवालं अ‍ॅप साफ, साडेसात. व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ, फॉरवर्ड आणि सेंट धरून ५.

मग एका ठिकाणी अडकलेय. आईच्या चॅटवर. ती आता नाही. त्यात फोटो फार नाहीत पण व्हॉइस नोट शेकड्यांनी आहेत, तिला टाइप करायचा कंटाळा होता. बहुतेक सगळ्या दहा दहा सेकंदांच्या, पोचलीस का, जेवलीस का. हे चॅट जागा खातंय का? खात असेल तर काय करायचं ते कळत नाहीये.

खटपट्या:

ताई, त्याला हातही लावू नका. व्हॉइस नोट अगदी बारीक असतात, एका मिनिटाला एमबीसुद्धा लागत नाही. शेकड्यांनी असल्या तरी सगळ्या मिळून एका लहान व्हिडिओएवढ्या होतील. फक्त त्या चॅटवर "क्लिअर चॅट" कधी चुकून दाबू नका.

आणि आजच एक करा. कंप्युटरला फोन लावलाच आहे, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडिया फोल्डरात व्हॉइस नोट्स नावाचं फोल्डर आहे, त्यात वर्ष आणि आठवड्याच्या आकड्याची फोल्डरं दिसतील, २०२१३४ म्हणजे २०२१ चा ३४ वा आठवडा. अख्खं फोल्डर उचलून कॉपी करा. सगळ्यांच्या एकत्र असतात, कोणाची कोणती ते नाव वाचून कळत नाही, पण तारीख नावात असते, निवांतपणे ऐकून वेगळ्या काढता येतील. एक पेनड्राइव्हवर पण ठेवा.

निवांत:

आणि चॅटच्या मेन्यूत एक्सपोर्ट चॅट असतं, मीडियासकट. त्यात फक्त त्यांच्याच येतील. खूपच मोठं चॅट असेल तर सगळं येत नाही, म्हणून खटपट्या म्हणतात तेही कराच.

साधीसुधी:

केलं. दोन्ही केलं. ऐकत बसले होते म्हणून उशीर झाला.

खटपट्या, ते "इतर ३" काय होतं तेही सापडलं, व्हॉट्सअ‍ॅपच्या डेटाबेसेस फोल्डरात रोजची एकेक प्रत, एकसारख्या लांबलचक नावाच्या सात-आठ फाइली. उडवू का?

खटपट्या:

ते फोनमधले रोजचे बॅकअप, साधारण आठवड्याभराचे ठेवतं. सगळ्यात ताजी ठेवा, जुन्या तारखांच्या काढल्या तरी चालेल, पण परत तयार होतील हां, जागा तेवढ्यापुरती. मी असतो तर तसंच ठेवलं असतं.

साधीसुधी:

ठेवलं मग. कॅमेऱ्यातले ६ जीबी व्हिडिओ कंप्युटरवर गेले, आकडा जुळवला, उघडून बघितले, मग काढले. ऑटो डाउनलोड बंद केलं. आता रिकामं २३ जीबी दाखवतंय! फोन खरंच पळतोय, की मलाच तसं वाटतंय.

फोटोंमध्ये पण जाता जाता डोकावले. चंद्राचे ३८ फोटो सापडले, एकाच रात्रीचे, सगळ्यात काळ्यावर एक पांढरा ठिपका. एक ठेवलाय, तोही हललेला आहे.

सगळ्यांचे मनापासून आभार, जुनाजाणता तुमचेही.

जुनाजाणता:

माझे कशाबद्दल, मी तर प्रत्येक सल्ला चुकीचा दिला. पण धागा वाचून माझंही बघितलं. ट्रॅशमध्ये ११ जीबी. २५६ चा फोन आहे.

साधीसुधी:

आत्ता फोनवर आलंय: नवीन सिस्टिम अपडेट उपलब्ध, आकार ३.१ जीबी.